आरोग्याच्या ताटातली चव जाते कुठे?

प्रश्न : वाढदिवसाला मुलीनं आम्हा दोघांना एका नव्या ‘हेल्दी’ रेस्टॉरंटमध्ये नेलं. मोठा बाऊल आला. त्यात किनवा, भाजलेला भोपळा, एवोकाडो, कसलीशी पानं आणि वर बिया. दिसायला चित्र, किंमत चारशेच्या वर, आणि खाताना मात्र पहिला घास काय नि दहावा काय, सगळे सारखेच. घरी येऊन मी गुपचूप एक पोह्याचा पापड भाजला, तेव्हा कुठे जेवल्यासारखं वाटलं. आरोग्य आणि चव यांचं खरंच वाकडं आहे, की माझी जीभच बिघडली आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जीभ ठणठणीत आहे. तुम्ही जो पापड भाजलात त्यात तूप नव्हतं, साखर नव्हती, तळण नव्हतं. आवाज होता, विस्तवावर भाजल्याचा वास होता, हिंग होता, मिरचीची चुरचुर होती आणि मीठ होतं. (मीठ जरा जास्तच होतं. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात.) हलक्या खाण्यालाही चव आणता येते हे तुम्ही दहा रुपयांच्या आत दाखवून दिलंत. चारशे रुपयांच्या बाऊलला ते का जमलं नाही, हा खरा प्रश्न.

तेल, साखर आणि मीठ या तिघांची स्वयंपाकातली कामं वेगवेगळी आहेत. वासाची बरीचशी द्रव्यं पाण्यात नव्हे, तेला-तुपात विरघळतात. म्हणून जिरं-मोहरी फोडणीत पडली की घरभर कळतं आणि पाण्यात उकळली तर शेजारच्या खोलीतही कळत नाही. साखर आंबट-कडूला सांभाळून घेते. मीठ खारटपणा तर आणतंच, शिवाय कडूपणा दाबतं आणि त्याखाली लपलेला गोडवा वर येऊ देतं. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ही तिघं कमी केली की त्यांची कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतात. चांगला आचारी ती आंबटावर, भाजण्यावर, धुरावर, ताज्या वाटणावर सोपवतो. आळशी आचारी कुणावरच सोपवत नाही आणि वर बिया पेरतो.

पण सगळा दोष आळसाला देता येणार नाही. आरोग्याचं म्हणून जे जेवण पाश्चात्त्य जगात उभं राहिलं, त्यातला बेचवपणा मुद्दाम आणलेला होता. १८३० च्या दशकात अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचे एक धर्मोपदेशक मांस, मसाले आणि मद्य यांनी माणसाच्या वासना चाळवतात असं सांगत गावोगाव फिरत. त्यांचा उपाय म्हणजे न चाळलेल्या कोंड्यासकट पिठाची भाकर. पुढे मिशिगन राज्यात बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबवला. धान्याच्या चपट्या पाकळ्या तिथल्याच स्वयंपाकघरात जन्मल्या. १८९६ मध्ये त्यांचं पेटंट मिळालं. धाकटे भाऊ विल यांना त्यात साखर हवी होती, डॉक्टरांना ती चालत नव्हती. भावाभावांत जे बिनसलं त्यात ही साखरही होती. विल यांनी १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि आज न्याहारीच्या टेबलावर जे खोकं दिसतं ते त्या धाकट्या भावाच्या कंपनीचं. म्हणजे चव सोडून जन्मलेला पदार्थही शेवटी साखरेच्या बोटाला धरूनच जगभर गेला.

हा धागा आपल्याकडेही येतो. १८८८ मध्ये गांधीजी लंडनला शिकायला गेले ते आईला दिलेलं मांस न खाण्याचं वचन घेऊन. घरमालकिणीच्या बेचव उकडलेल्या भाज्यांवर अर्धपोटी राहत होते. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी खाणावळ सापडली आणि इंग्लंडमधलं पहिलं पोटभर जेवण तिथे झालं. पुढे त्यांनी मसाले सोडले, आणि जी पालकाची भाजी आधी घशाखाली उतरत नव्हती तीच उकडलेली भाजी रुचायला लागली असं आत्मकथेत नोंदवलं आहे. अस्वाद हे त्यांच्या व्रतांपैकी एक व्रतच झालं. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचा जो आश्रम सुरू केला, तिथे जेवण हा उपचाराचाच भाग. तिथल्या अळणी ताटाबद्दल माझी तक्रार नाही. आश्रमात माणूस ठरवून जातो, त्यासाठी मनाची तयारी करून जातो. रेस्टॉरंटमध्ये तो वाढदिवस साजरा करायला जातो. व्रताचं जेवण समारंभाच्या दरानं वाढलं की तुमच्यासारखी पत्रं येतात.

आता जिभेकडे वळू. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. एक प्रयोग करा. वेलदोड्याची पूड मिसळलेली चिमूटभर साखर नाक गच्च दाबून जिभेवर ठेवा. नुसतं गोड लागेल. नाक सोडा, की वेलदोडा एकदम हजर. घास चावताना त्यातला वास घशाच्या मागच्या वाटेनं नाकात चढतो, आणि मेंदू ते सारं तोंडातच घडतंय असं समजतो. पदार्थ गार असला तर वास कमी उडतो. गोडी ओळखण्याची जिभेची ताकदही थंडाव्यानं मंदावते. तुमचा बाऊल बहुधा गारच आला असणार. भोपळा सकाळी भाजून फ्रिजमध्ये, धान्य आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये, ऑर्डर आली की रचायचं. हे काम सोयीचं आहे, पण भोपळा भाजल्यानं जो खरपूस वास येतो तो भट्टीतून काढल्या क्षणी असतो, दुपारी नाही.

‘पहिला घास नि दहावा घास सारखाच’ हे तुमचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. एकच चव सतत तोंडात आली की तिच्यातला आनंद घासागणिक उतरत जातो, मात्र दुसऱ्या चवीची ओढ शाबूत राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये यावर प्रयोग केले. पोट तुडुंब भरल्यावरही श्रीखंडाला जागा सापडते ती याचमुळे. बाऊलमध्ये सगळं एकत्र, एकाच ड्रेसिंगमध्ये कालवलेलं असतं. तिसऱ्या घासाला जिभेनं सगळं ओळखलेलं असतं. आपलं ताट नेमकं उलटं मांडलेलं आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे पातळ भाजी, आमटी, मध्ये भात-पोळी. पदार्थ वेगळे ठेवल्यामुळे प्रत्येक घास जेवणारा स्वतः जुळवतो. एक आमटीचा, एक कोशिंबिरीचा, मध्येच बोटाला लागलेली कारळ्याची चटणी. त्यात तेल चमचाभरच असलं तरी जेवण एकसुरी होत नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, मुळ्याची कोशिंबीर आणि जवसाची चटणी हे सारं कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या यादीत बसेल. ते बाऊलमध्ये एकत्र कालवून पाहा, म्हणजे नुसत्या मांडणीनं काय होतं ते कळेल. (प्रयोग घरच्यांच्या देखत करू नका.)

राहिली त्या रेस्टॉरंटची पाटी. तिच्यावर ‘हेल्दी’ लिहिलं होतं, आणि त्या शब्दानं घास तोंडात जाण्याआधीच निम्मं काम बिघडवलेलं असू शकतं. २००६ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात पाहुण्यांना चक्क आंब्याची लस्सी दिली होती. काहींना सांगितलं, ही आरोग्याला चांगली मानतात. काहींना सांगितलं, ही तशी चांगली नाही. लस्सी तीच. ‘चांगली नाही’ असं ऐकलेल्यांना ती जास्त आवडली. हा काही मानवी स्वभावाचा अटळ नियम नव्हे, कारण फ्रान्समध्ये काही वर्षांनी अशीच चाचणी झाली तेव्हा तिथल्या लोकांचा कल उलट निघाला. आरोग्याचं ते चवदार, असं त्यांच्या मनात बसलेलं होतं. म्हणजे हा संस्कार आहे. लहानपणी ‘शहाणं बाळ ना, मग हे संपव’ असं म्हणत जे भरवलं गेलं, त्याचा हिशेब आपण मोठेपणी चुकता करतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात २०१६ च्या सुमारास याचीच दुसरी बाजू तपासली गेली. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. त्याच भाज्या, तीच कृती, फक्त पाटीवरचे शब्द रोज बदलायचे. कधी साधं नाव, कधी आरोग्याची जाहिरात, कधी ‘तिखट-आंबट झणझणीत बीट’ अशा थाटाचं वर्णन. चवीचं वर्णन असलेल्या दिवशी साध्या नावापेक्षा २५ टक्के अधिक लोकांनी भाजी घेतली. आणि काय काय वगळलं आहे ते सांगणाऱ्या पाटीच्या तुलनेत ४१ टक्के अधिक. मला यातून मेनूकार्ड वाचण्याची एक सोपी रीत सापडली आहे. पदार्थापुढे तेलविरहित, साखरविरहित, ग्लुटेनविरहित अशीच रांग असेल आणि त्यात काय आहे ते कुठेच नसेल, तर मी चहा पिऊन उठते. कोळशावर भाजलेली वांगी, ताज्या कोकमाचं सार, हातानं वाटलेला ठेचा असं लिहिणारा माणूस निदान चवीचा विचार करून स्वयंपाकघरात शिरला आहे.

हे जमवलेल्या जागा जगात आहेत. झुरिकमध्ये १८९८ साली एक शाकाहारी, दारूबंद खाणावळ उघडली. गावकरी तिथे जाणाऱ्यांना गवतखाऊ म्हणून हिणवत. आंब्रोसियस हिल्टल नावाचा शिंपी संधिवातानं बेजार होता. म्युस्ली ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाली त्या डॉ. बिर्शर-बेनर यांनी त्याला मांस सोडायला सांगितलं, तो या खाणावळीत जेवू लागला, बरा झाला आणि काही वर्षांत तीच चालवायला घेतली. आज ‘हिल्टल’ हे जगातलं सलग चाललेलं सर्वांत जुनं शाकाहारी रेस्टॉरंट म्हणून गिनेस बुकात आहे. पण ते निव्वळ औषधाच्या बळावर सव्वाशे वर्षं टिकलं नाही. १९५० च्या दशकात घराण्याच्या सूनबाई मार्गरित हिल्टल शाकाहाऱ्यांच्या परिषदेसाठी भारतात आल्या आणि इथले पदार्थ, मसाले यांचं वेड घेऊन परतल्या. स्विस बटाटे-गाजरांच्या शेजारी जिरं-धणे आले, डाळी आल्या. तिथल्या बुफेत आज ताट वजनावर विकत मिळतं, आणि त्यात भारतीय पदार्थांचा मोठा भाग असतो. आजारी शिंप्याच्या पथ्याला फोडणी मिळाली ती आपल्याकडून, आणि आपण मात्र इथे किनवा उकडतोय.

सॅन फ्रान्सिस्कोचं ‘ग्रीन्स’ १९७९ मध्ये तिथल्या झेन केंद्रानं सुरू केलं. त्या काळी अमेरिकेतलं आरोग्याचं जेवण म्हणजे तपकिरी तांदूळ, तपकिरी ब्रेड आणि तपकिरी रस्सा. पहिल्या मुख्य आचारी डेबोरा मॅडिसन यांनी मांसाची नक्कल करण्याच्या भानगडीत न पडता भाज्यांना निखाऱ्यावर धरलं, काळ्या घेवड्याच्या रश्श्यात धुरावलेली चिपोटले मिरची घातली, आणि भाजी बरीचशी केंद्राच्याच शेतावरून ताजी आणली. जेवताना मोठ्या खिडक्यांतून गोल्डन गेट पूल दिसतो, याचाही वाटा असणारच. पण धुराचा वास नसता तर लोक एकदा पूल बघून परत आले नसते.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं जपानी मठांतलं शोजिन जेवण. मांस-मासळी नाही, आणि आपल्या चातुर्मासासारखं कांदा-लसूणही नाही. (कांदेनवमीची सोय मात्र त्यांनी ठेवलेली दिसत नाही.) रस्सा काय तो कोंबू या समुद्री शेवाळाचा आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांचा. या कोंबूतूनच किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं काढून उमामी ही चव जगापुढे मांडली. अळंब्यांतलं ग्वानिलेट त्याला भेटलं की दोघांची चव बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. भिक्षूंना रसायनं ठाऊक नव्हती, रस्सा ठाऊक होता. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात सहा रसांचा उल्लेख आहे. पाच आपल्या ओळखीचे : गोड, आंबट, खारट, कडू, तिखट. आपला सहावा तुरट. त्यांचा सहावा मंद, हलका, जेमतेम जाणवणारा. सौम्यपणा हासुद्धा रस मानला की तोही नीट रांधावा लागतो. तीळ वाटून तवकिरासारख्या सत्त्वात तासभर ढवळत केलेली त्यांची वडी जिभेवर ठेवली की आधी काहीच लागत नाही, मग हळूच तीळ उमटतो. तुमचा बाऊल बेचव होता. ही वडी सौम्य असते. फरक ढवळणाऱ्याच्या हातात आहे.

प्रश्न : अशा ठिकाणी मंद संगीत, जाड मातीची भांडी, लाकडी टेबलं असतात. याचा चवीशी काही संबंध आहे, की नुसतं बिल वाढवायचं साधन? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे वेफर चावायला दिले. चावण्याचा आवाज कानांत जरा मोठा, जरा तीक्ष्ण करून सोडला की तेच वेफर अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटू लागले. या प्रयोगाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू आणतं आणि मग विचार करायला लावतं असं संशोधन. स्पेन्स यांच्याच चमूनं दाखवलं आहे की वजनदार वाडग्यातलं दही अधिक दाट वाटतं.

गोंगाटाचं उलट. मोठ्या आवाजात गोड आणि खारट मंदावतात. विमानाच्या घरघरीतही गोडाची जाणीव उतरते, उमामी मात्र तग धरते किंवा वाढते. विमानात टोमॅटोचा रस एरवीपेक्षा चांगला लागतो तो बहुधा त्यामुळेच. तेव्हा मीठ-साखर कमी असलेलं जेवण वाढणाऱ्या हॉटेलानं स्पीकर लहान ठेवला तर तो शहाणपणा आहे. पण हे परिणाम छोटे आहेत आणि बरेचसे प्रयोगशाळेत मोजलेले आहेत. कच्ची राहिलेली डाळ कुठल्याही मातीच्या भांड्यात कच्चीच लागते.

मी भांड्यांपेक्षा कुरकुर शोधते. आरोग्याच्या जेवणात मऊ-मऊ फार असतं : उकडलेलं, वाफवलेलं, मिक्सरमधून काढलेलं. त्यावर भाजलेले शेंगदाणे, चुरलेली नाचणीची कडक भाकरी, ताजा चिरलेला मुळा यांतलं एक जरी आलं तरी कानही जेवायला बसतो.

प्रश्न : वडिलांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं आहे. ते ताट बाजूला सारतात. काय करावं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : थोडा धीर धरा. कमी मिठाच्या जेवणावर काही आठवडे ते दोन-तीन महिने राहिलं की जिभेची अपेक्षाच खाली येते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकातच हे पाहिलं. आधीचं ‘बरोबर’ मीठ मग खारट लागतं. म्हणून एकदम नव्हे, पायरीपायरीनं कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठही धरायचं. पत्ता लागत नाही तो त्यांचाच.

आमटीत शिजताना मीठ निम्मं करा आणि ताटात वाढताना वरून लिंबू पिळा किंवा आमसुलाचं पाणी घाला. आंबटानं मिठाची उणीव पुष्कळ झाकली जाते. सोलापूरची शेंगाचटणी बिनमिठाची घरी कुटली, लसूण आणि तिखट सढळ ठेवलं, तर तिच्यात मीठ नाही हे पहिल्या दिवशी कळेल, पुढच्या पंधरवड्यात कळणार नाही. भाकरी गरम, तव्यावरून थेट ताटात. दुपारचं गार जेवण त्यांच्यापुढे ठेवून ‘पथ्याचं आहे’ म्हणू नका. तो शब्दच त्यांच्यापुढे काढू नका.

बाजारात पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.